'बिट्वीन यू अँड आय' आणि धाकाचं व्याकरण

इंग्रजी सर्वनामांचा वाद दर थोड्या दिवसांनी नव्याने पेटतो आणि दर वेळी तसाच विझतो. कुणीतरी मोठं माणूस भाषणात 'बिट्वीन यू अँड आय' म्हणून जातं, लगेच एक गट तुटून पडतो की अरे 'बिट्वीन' सारख्या प्रिपोझिशननंतर 'आय' कसा येईल, शाळेत झोपा काढल्या का, मग दुसरा गट धावून येतो की भाषा प्रवाही असते, खुद्द इंग्रज आणि अमेरिकन असंच बोलतात, तुम्ही कोण लागून गेलात चुका काढणारे. दोन्हीकडचे आपापल्या घरी खुश. ज्याला खरंच कळून घ्यायचंय की 'आय' कुठे आणि इंग्रजीतला 'मी' (me) कुठे, तो होता तिथेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही गट चुकतायत, कारण 'नियम' या एका शब्दाखाली दोघं दोन वेगळ्या गोष्टी एकाच मोळीत बांधतायत. एक नियम इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडात जिवंत आहे, तो त्याला कुणी शिकवावा लागत नाही. दुसरा पुस्तकातून वरून लादलेला आहे, तो शिकवून शिकवून अडीचशे वर्षं झाली तरी अंगवळणी पडलेला नाही. आणि या दुसऱ्याचा धाक घातल्यामुळे पहिल्याची घडी विस्कटते. 'बिट्वीन यू अँड आय' ही अडाण्याची चूक नाही, शिकलेल्या आणि घाबरलेल्या माणसाची चूक आहे, निदान बहुतेक वेळा तरी. त्यात एक मोठी अडचण आहे ती पुढे येईलच. (आणि हो, या लेखात अवतरणात 'मी' दिसला की तो इंग्रजीतला, म्हणजे आपला 'मला'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्याला माझा इलाज नाही.)

आधी जिवंत नियम कुठला ते बघू. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या, नामांनासुद्धा विभक्ती होती, आपल्यासारखी शब्दाची शेपटी बदलायची आणि त्यावरून कर्ता कोण, कर्म कोण ते कळायचं. पुढच्या काही शतकांत त्या शेपट्या झिजून गेल्या आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमाने उचललं. आजच्या इंग्रजीत कुत्रा माणसाला चावला की माणूस कुत्र्याला, हे फक्त कोण आधी आणि कोण नंतर यावरून ठरतं. जुन्या व्यवस्थेचे उरलेले अवशेष म्हणजे सर्वनामांच्या सहा जोड्या: आय-मी, ही-हिम, शी-हर, वी-अस, दे-देम आणि हू-हूम. 'यू' आणि 'इट' मध्ये तर तोही फरक नाही. आता विचार करा, जे काम आधीच वाक्यातल्या जागेने केलंय, त्यावर पुन्हा वेगळ्या रूपाचा शिक्का मारायचा, म्हणजे हा शिक्का अर्थासाठी जवळपास फुकटच. तरीही एकट्या सर्वनामाच्या बाबतीत तो कुणी चुकवत नाही. 'शी सॉ आय' किंवा 'गिव्ह इट टू ही' असं प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरातलं चार-पाच वर्षांचं पोरही म्हणत नाही, दारू प्यायलेला माणूसही म्हणत नाही. क्रियापदाच्या किंवा प्रिपोझिशनच्या मागोमाग एकटं सर्वनाम आलं की ते कर्मरूपातच येणार. हा खरा नियम. याच्याबद्दल वाद कधी झालाय का? नाही, कारण जिवंत नियमावर वाद होतच नाहीत.

वाद होतात ते 'इट इज आय' वर. फोनवर 'कोण बोलतंय' विचारलं तर 'इट्स मी' म्हणायचं की 'इट इज आय'? कडक मास्तर सांगतात 'इट इज आय', कारण 'इज' च्या दोन्ही बाजूंना एकच विभक्ती हवी. हे छापील स्वरूपात ठणकावून सांगणाऱ्यांत रॉबर्ट लाउथ यांचं नाव मोठं, 1762 सालचं त्यांचं इंग्रजी व्याकरण खूप चाललं, पुढे ते लंडनचे बिशपही झाले. त्यांचं म्हणणं असं की 'टू बी' या क्रियापदानंतर कायम कर्त्याची विभक्ती येते, अपवाद फक्त इन्फिनिटिव्हचा, म्हणजे 'टू' लावलेल्या मूळ रूपाचा. लॅटिनमध्ये तसंच असतं आणि त्या काळी व्याकरण म्हणजे लॅटिन हे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग 1795 साली लिंडली मरे यांचं पुस्तक आलं, त्यांनी लाउथकडून भरभरून घेतलं, आणि ते पुस्तक ब्रिटन-अमेरिकेतल्या शाळाशाळांत पोचलं. गंमत म्हणजे त्याच काळात जोसेफ प्रीस्टली, हो तेच ऑक्सिजनवाले, त्यांनीही इंग्रजीचं व्याकरण लिहिलं होतं आणि त्यांनी साफ म्हटलं की सगळे वैयाकरण असं सांगतात खरं, पण रोजची बोली आणि चांगल्या लेखकांचे दाखले बघितले तर नियम उलटा करावासा वाटतो, किंवा निदान ज्याला जे आवडेल ते त्याने वापरावं. म्हणजे 'इट्स मी' ला पाठिंबा हे आजच्या मोबाईलवाल्या पिढीचं फॅड आहे असं जे म्हणतात त्यांनी जरा कॅलेंडर बघावं.

आता इथे कडक मास्तरांचा सगळ्यात मजबूत मुद्दा मला मान्य करायला हवा, कारण तो सहसा 'सगळं लॅटिनवरून उचललंय' एवढं म्हणून उडवून लावतात आणि ते बरोबर नाही. खुद्द जुन्या इंग्रजीतही इथे कर्त्याचंच रूप होतं. जर्मन माणूस आजही 'इश बिन एस' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'मी आहे ते'. स्वीडिश माणूस 'देत एर याग' म्हणतो, तेही कर्त्याचंच रूप. म्हणजे 'इट इज आय' ला घरची वंशावळ आहे, ते निव्वळ लॅटिनचं सोंग नाही. कबूल. पण मग तीच वंशावळ पूर्ण वाचा ना. जुन्या इंग्रजीतलं वाक्य होतं 'इक हित एओम' आणि चौदाव्या शतकातला कवी चॉसर लिहितो 'इट अ‍ॅम आय'. 'इट इज आय' नाही, 'इट अ‍ॅम आय'! तिथे क्रियापद 'आय' प्रमाणे चालत होतं, कारण कर्ता 'आय' होता आणि 'इट' हे नुसतं पुढे टेकवलेलं होतं. पुढे शब्दांचा क्रम घट्ट झाला, पहिल्या जागेवर जो बसेल तो कर्ता असा दंडक पडला, क्रियापद 'इट' च्या बाजूने गेलं आणि 'अ‍ॅम' चं 'इज' झालं. एकदा 'इट' कर्ता झाला की क्रियापदानंतरची जागा कर्माची, तिथे जिवंत नियमाप्रमाणे 'मी' येणार हे ओघानेच आलं. थोडक्यात 'इट्स मी' हा पूर्ण झालेला बदल आहे आणि 'इट इज आय' हा अर्ध्यावर थांबवलेला. ज्यांना परंपरा इतकीच प्यारी आहे त्यांनी 'इट अ‍ॅम आय' म्हणावं, मग मी त्यांचा शब्द मानेन. अर्ध्या वाटेवर गाडी थांबवून हेच शेवटचं स्टेशन असं म्हणण्याला आधार काय? डॅनिश माणूस स्वीडिश माणसाचा सख्खा शेजारी, भाषा इतक्या जवळच्या की एकमेकांचं बरंचसं वाचता येतं, पण तो 'दे एर माय' म्हणतो, म्हणजे कर्मरूप. फ्रेंच 'से म्वा' म्हणतात. यातली कुठली भाषा तर्कशुद्ध आणि कुठली अडाणी?

आणि हे फक्त 'इट्स मी' पुरतं नाही. 'कुणाला हवंय?' याला इंग्रजीत उत्तर 'मी'. 'मलापण' म्हणायचं तर 'मी टू', तिथे 'आय टू' म्हणून बघा, समोरचा बघतच राहील. एकटं, जोर देऊन, क्रियापदाशिवाय उभं राहिलेलं सर्वनाम आजच्या इंग्रजीत कर्मरूपात असतं. म्हणजे आजची खरी मांडणी अशी आहे की 'मी, हिम, हर' ही मूळ धरलेली रूपं आणि 'आय, ही, शी' ही खास एका जागेची, क्रियापदाच्या आधीच्या कर्त्याच्या खुर्चीची. ही अनागोंदी नाही, हा नियमच आहे, फक्त पुस्तकातल्यापेक्षा वेगळा.

बरं, मग 'बिट्वीन यू अँड आय' कुठून आलं? तर पोर येऊन म्हणतं 'मी अँड टॉम वेंट', आई म्हणते 'टॉम अँड आय'. शाळेत पुन्हा तेच. 'इट्स मी' म्हटलं की पुन्हा लाल शाई. 'टॉलर दॅन मी' म्हटलं की पुन्हा. त्या पोराने यातून काय शिकायचं? कर्ता-कर्म शिकत नाही ते, ते एवढंच शिकतं की 'मी' हा शब्द जरा हलक्या घरचा आहे आणि 'अँड' दिसला की 'आय' म्हणावं, म्हणजे शिकल्यासारखं वाटतं. मग मोठेपणी तो माणूस सूट घालून स्टेजवर जातो आणि 'दे इन्व्हायटेड माय वाइफ अँड आय' म्हणतो. बिल क्लिंटन 1992 च्या प्रचारात म्हणाले होते 'गिव्ह अल गोर अँड आय अ चान्स'. येल लॉ स्कूलमधला माणूस, त्याआधी ऑक्सफर्डला स्कॉलरशिपवर गेलेला. ओबामा 'फॉर मिशेल अँड आय' म्हणाले, ते हार्वर्डचे वकील, आणि त्यावर 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख आला होता. हे दोघं काय शाळेत झोपले होते? उलट शाळेत नको तितके जागे होते म्हणून हे झालं. ज्याला कधी कुणी टोकलं नाही तो 'बिट्वीन यू अँड मी' असंच म्हणतो, सहज.

या भीतीची आणखी एक पैदास म्हणजे 'मायसेल्फ'. ऑफिसच्या मेलमध्ये 'प्लीज काँटॅक्ट जॉन ऑर मायसेल्फ' असं असतं बघा. 'आय' लिहिलं तर चूक होईल की काय, 'मी' लिहिलं तर गावंढळ दिसेल की काय, मग मधली वाट, 'मायसेल्फ', कुणी हरकत घेणार नाही. आणि आपल्याकडचा 'मायसेल्फ अमुक फ्रॉम तमुक' त्यातलाच चुलत भाऊ. त्याला हसण्याआधी हे बघा की ती माणसं नियम तोडत नाहीयेत, नियमापासून पळतायत.

आता ती अडचण. मी वर म्हटलं की ही चूक धाकातून आली, आणि यावर विरुद्ध बाजूचा माणूस शांतपणे शेक्सपिअर पुढे सरकवतो. 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मध्ये अँटोनिओचं पत्र आहे, मरणाच्या दारातून मित्राला लिहिलेलं, त्यात स्पष्ट आहे की 'ऑल डेट्स आर क्लिअर्ड बिट्वीन यू अँड आय'. सोळाव्या शतकाच्या शेवटाचं नाटक. लाउथ जन्मायला अजून शंभरावर वर्षं, मरेची पुस्तकं नाहीत, इंग्रजी व्याकरणाची लाल शाई शाळांत अजून यायचीय. मग अँटोनिओला कुणी घाबरवलं होतं? हा मुद्दा खरा आहे आणि माझ्या बाजूचे लोक तो सोयीस्कर विसरतात.

माझ्या मते याचं उत्तर असं. 'अँड' ने जोडलेली जोडी ही इंग्रजीत वेगळीच जागा आहे, तिथे विभक्तीचा धागा मुळातच सैल असतो. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी यावर एक छान युक्तिवाद केलाय तो असा की जोडीचे गुण आणि जोडीतल्या एकेकाचे गुण सारखेच असायला हवेत असं कुठे आहे. 'शी' एकवचन, 'जॉन' एकवचन, पण 'शी अँड जॉन' अनेकवचन, त्याला 'आर' लागतं. मग वचन जर जोडीचं वेगळं आणि घटकांचं वेगळं असू शकतं, तर विभक्ती जोडीची वेगळी आणि आतल्या सर्वनामाची वेगळी का नको? तर्क म्हणून याला तोड नाही. फक्त त्यातून एवढंच सिद्ध होतं की इथे घसरण होऊ शकते, का होते आणि एकाच दिशेला इतकी का होते ते नाही. सैल जागा असेल तर वस्तू दोन्हीकडे घसरायला हवी. शेक्सपिअरच्या काळात ती दोन्हीकडे घसरतही होती, मॅकबेथ शेवटच्या लढाईत 'डॅम्ड बी हिम' म्हणतो जिथे मास्तरांना 'ही' हवा, म्हणजे कर्त्याच्या जागी कर्मरूप, जोडी नसताना. पण आजचा सूटवाला माणूस स्टेजवर चुकून 'मी अँड माय वाइफ आर हॅपी' म्हणत नाही, तो फक्त 'आय' कडे घसरतो, आणि घरी मित्रांत बसला की 'मी' कडे. उतार कुठल्या बाजूला आहे ते धाकाने ठरवलंय. जागा निसरडी होतीच, ढकललं शाळेने.

आता भाषाशुद्धीवाल्यांचा दुसरा मुद्दा, की एकदा ढील दिली की सगळंच ढासळेल. आज 'इट्स मी' सोडलं, उद्या 'हिम वेंट' म्हणाल. याला उत्तर म्हणून एकच शब्द पुरे आहे आणि तो आपण दिवसातून शंभरदा वापरतो: 'यू'. हे मुळात कर्मरूप. कर्त्याचं रूप होतं 'यी'. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हा फरक काटेकोर सांभाळलाय, 'यी हॅव नॉट चोजन मी, बट आय हॅव चोजन यू', तुम्ही मला निवडलं नाहीत, मी तुम्हाला निवडलं. बायबल छापून होत होतं तेव्हाच बोलण्यातून 'यी' चाललं होतं, आणि पुढे 'यू' ने दोन्ही खुर्च्या बळकावल्या. म्हणजे आज राजापासून रिक्षावाल्यापर्यंत जो कुणी 'यू आर' म्हणतो तो काटेकोर पाहिलं तर 'मी अ‍ॅम' सारखंच काहीतरी म्हणतोय. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तर धर्म म्हणून जुनं एकवचन ('दाउ' म्हणजे तू, 'दी' म्हणजे तुला) धरून बसले होते, सगळ्यांना सारखं संबोधायचं म्हणून, पण त्यांच्यातही अमेरिकेत 'दाउ आर्ट' च्या जागी 'दी इज' झालं, म्हणजे कर्मरूपानेच कर्त्याची जागा घेतली, आणि ती भक्तमंडळी होती, उनाड नव्हे. आकाश कोसळलं का? नुकसान झालं, ते मी नाकारत नाही, 'यू' म्हणजे एक की अनेक हे कळेनासं झालं. पण तो खड्डा मास्तरांनी नाही बुजवला, लोकांनीच 'यॉल' आणि 'यू गाइज' आणून बुजवला. (त्यावरही मास्तर चिडतात. खड्डा बुजवला तरी चिडायचं म्हणजे अवघड आहे.)

'दॅन' चा मुद्दा जरा वेगळा, तिथे शुद्धीवाल्यांकडे अर्थाचा पुरावा आहे. 'शी लाइक्स हिम मोअर दॅन आय' आणि '... मोअर दॅन मी' यात फरक आहे, पहिल्यात मला तो जितका आवडतो त्याहून तिला जास्त, दुसऱ्यात तिला मी जितका आवडतो त्याहून तो जास्त. आणि दुसरं वाक्य ऐकून माणसाची झोप उडू शकते. पण बोलणारे हा घोळ कसा सोडवतात? 'दॅन आय डू' म्हणतात, झालं. क्रियापद आलं की 'आय' आपोआप येतो, पुन्हा तोच जिवंत नियम. आणि 'टॉलर दॅन मी' मध्ये घोळ होण्याचा प्रश्नच नाही, तिथे 'दॅन' ला प्रिपोझिशन मानलं की विषय संपतो. परीक्षेच्या पेपरात तिथे 'दॅन आय' नाही म्हणून मार्क कापणारा परीक्षक नक्की काय तपासतोय? इंग्रजी तर नाही.

इथपर्यंत वाचून 'चलता है' गटाला वाटत असेल की लेखक आपला माणूस. नाही. त्यांचा 'नेटिव्ह लोकही असंच बोलतात' हा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. ते बोलतात, पण कुठे बोलायचं ते त्यांना माहीत असतं. जो माणूस मित्रांत 'मी अँड हिम वेंट' म्हणतो तोच नोकरीच्या अर्जात तसं लिहीत नाही, त्याच्याकडे दोन्ही कपडे आहेत आणि समारंभ बघून तो बदलतो. बाहेरून इंग्रजी शिकणाऱ्याकडे बहुतेकदा एकच जोड असतो. त्याला 'काहीही घाल, सगळं चालतं' सांगणं हा उदारपणा नाही, ज्याच्या कपाटात चार आहेत त्याने एकच असलेल्याला दिलेला फुकटचा सल्ला आहे. आणि हे सांगणाऱ्यांचे स्वतःचे लेख वाचून बघा, त्यात 'बिट्वीन यू अँड आय' सहसा सापडत नाही. लोक यावरून माणसाची किंमत करतात हे वाईट आहे, पण करतात. मग शिकणाऱ्याला अंधारात का ठेवायचं? भाषा बदलते हे खरं, पण बदल झाला आणि बदल चालू आहे यात फरक आहे. मराठीत 'माझी मदत कर' आता सर्रास ऐकू येतं, हिंदीच्या सवयीने, तरी 'मला मदत कर' म्हणणाऱ्याच्या कानाला ते अजून टोचतं, आणि जोवर टोचतं तोवर लिहिताना 'मला' लिहिलेलं बरं. 'यू' चा बदल होऊन गेला, 'इट्स मी' चाही झाला. 'बिट्वीन यू अँड आय' चा अजून अधांतरी आहे.

'हूम' ची गोष्ट वेगळीच, ते आजारी आहे आणि नातेवाईक भांडतायत. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1921 मध्ये लिहिलं होतं की दोनेकशे वर्षांत 'हूम डिड यू सी' असं मोठ्यात मोठा कायदेपंडितही म्हणणार नाही. निम्मा काळ उलटला, बोलण्यातून ते जवळपास गेलंय, लिखाणात प्रिपोझिशनला धरून टिकलंय, 'टू हूम' मध्ये. पण धाकाचा नमुना बघायचा तर हूमइतकी चांगली जागा नाही. 'हूम शॅल आय से इज कॉलिंग?' असं रिसेप्शनवरून कुणी विचारतं तेव्हा त्याला वाटतं आपण फार शुद्ध बोललो. 'शॅल आय से' हा मधला तुकडा बाजूला काढा, काय उरतं? 'हूम इज कॉलिंग'. 'गिव्ह इट टू हूमएव्हर वाँट्स इट' तसंच, 'टू' दिसला म्हणून हूम लावलं, पण तो 'वाँट्स' चा कर्ता आहे, 'हूएव्हर' हवं. आणि यात आपण एकटे नाही. 1611 च्या बायबलचे भाषांतरकार, चाळीसहून जास्त विद्वान, 'यी' आणि 'यू' जिथे चुकले नाहीत तिथे लिहून बसलेत 'बट हूम से यी दॅट आय अ‍ॅम?', पण तुम्ही मी कोण आहे असं म्हणता. आजच्या नियमाने तिथे 'हू' हवं, कारण ते 'अ‍ॅम' शी बांधलेलं आहे. मग हूम आलं कसं? मूळ ग्रीकमध्ये तिथे कर्माची विभक्ती आहे, लॅटिन भाषांतरातही आहे, कारण त्या भाषांत हे वाक्य बांधायची पद्धत वेगळी, इन्फिनिटिव्ह घालून. इंग्रजीत वाक्याची बांधणी बदलली, विभक्ती तशीच राहिली. प्रतिष्ठित भाषेचा दबाव पडला की पंडितांचाही हात कसा हलतो त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या बाजूने शिकताना एक जास्तीची अडचण असते आणि तिच्याबद्दल या वादात कुणी बोलतच नाही. आपण 'आय म्हणजे मी, मी म्हणजे मला' असा तक्ता डोक्यात घेऊन निघतो आणि तो चार पावलांवर मोडतो. 'मला वाटतं' चं 'आय थिंक', 'मला माहीत आहे' चं 'आय नो', 'मला ताप आहे' चं 'आय हॅव फीव्हर', 'मला ते आवडलं' चं 'आय लाइक्ड इट'. मराठीत अनुभव माणसाकडे येतो म्हणून तो 'ला' लावून बसतो, इंग्रजी त्यालाच कर्त्याच्या खुर्चीत ओढते. म्हणजे अर्थावरून विभक्ती ओळखायला गेलं की फसलंच. वाक्यातली जागा बघायची, क्रियापदाच्या आधी कोण बसलंय ते बघायचं. हे एक वाक्य नीट समजलं तर नॉमिनेटिव्ह-अ‍ॅक्युझेटिव्हच्या (कर्त्याची विभक्ती, कर्माची विभक्ती) निम्म्या व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

आणि जोडीसाठी जी युक्ती सांगतात, की दुसऱ्या माणसाला काढून वाक्य म्हणून बघा, ती बहुतेक ठिकाणी चोख आहे: 'दे इन्व्हायटेड जॉन अँड आय' मधून जॉनला बाहेर पाठवा, 'दे इन्व्हायटेड आय' उरतं आणि कान लगेच नको म्हणतो. पण ती नेमकी 'बिट्वीन' पाशी चालत नाही, कारण 'बिट्वीन' ला दोघं लागतातच, एकाला काढलं तर वाक्यच कोसळतं, कानाला तपासायला काही उरत नाही. मला वाटतं ही चूक याच शब्दापाशी इतकी का चिकटून राहते त्याचं हेही एक कारण असावं. तिथे काढू नका, बदला, दोघांच्या जागी एक सर्वनाम घाला: 'बिट्वीन अस' की 'बिट्वीन वी'? उत्तर कुणालाही येतं, सातवीतल्या पोरालाही. ज्या पोराला ते आपलं आपण देता आलं त्याला 'इट्स मी' वरून लाल शाई दाखवू नका, 'दॅन मी' वरूनही नाही, आणि 'हूम' ची ओळख करून द्यायचीच असेल तर 'टू हूम' आणि 'फॉर हूम' एवढ्यावर भागवा, बाकी ते मोठं झाल्यावर वाचेल तेव्हा बघून घेईल.